शहरात आणि शेतरस्त्यावर चालेल अशी एकच बाबागाडी कशी निवडावी

माझी मुलगी सात महिन्यांची असताना आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलो. माहेर चोपडा तालुक्यात, घरापासून केळीचा मळा अर्धा किलोमीटर. जळगावला कॉलनीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर सुरेख चालणारी बाबागाडी घेऊन मी संध्याकाळी मळ्याकडे निघाले. गाडरस्त्याला लागून शंभर पावलं झाली नसतील, उन्हानं तडकलेल्या काळ्या मातीच्या भेगेत पुढची चाकं उतरली आणि गाडी तोंडावर कलंडली. पट्टा लावलेला होता म्हणून मुलीला लागलं नाही, पण ती अशी दचकली की रात्री झोपेतही रडत होती. आजीनं ते चाक हातानं फिरवून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हाई गाडी वावरमा चालाव नही." म्हणजे ही गाडी शेतात चालायची नाही.

मग जावेकडची मोठी तीनचाकी आणली. ती मळ्यात मस्त चालली, पण आमच्या कारच्या डिक्कीत मावेना. दर वेळी चाकं काढायची, पिशवीत भरायची, उतरल्यावर पुन्हा लावायची. शिवाय आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दीड महिन्यात ती परत केली. तिसरी गाडी घेताना मात्र मोजमाप करून, दुकानात तास-दीड तास घालवून घेतली. ती गेली दोन वर्षं जळगावच्या बाजारात आणि माहेरच्या बांधावर सारखीच चालते आहे. तुमचे पैसे आणि मनस्ताप वाचावा म्हणून सगळं क्रमानं सांगते.

आधी मुद्द्याचं: बाबागाडी चाकांवरून आणि घडीवरून निवडायची. दुकानात आपल्याला कापडाचा रंग, बाटलीचा कप्पा, फिरणारं खेळणं दाखवतात. ते सगळं नंतर.

१. दुकानात जाण्याआधी घरी मोजा

लागणारं साहित्य साधं आहे: मोजपट्टी, वही, मोबाईलचा कॅमेरा आणि प्रवासाच्या बॅगा मोजतात तो हातातला वजनकाटा.

- कारच्या डिक्कीची लांबी, रुंदी, उंची. सीएनजीची टाकी असेल तर टाकी सोडून उरलेली जागा. डिक्कीच्या तोंडाची रुंदीही मोजा, आत जागा असून गाडी तोंडातच अडकते.
- घरचा सर्वात अरुंद दरवाजा. गावाकडच्या जुन्या घराचाही मोजा, तिथली चौकट बऱ्याचदा अरुंद आणि उंबरा उंच असतो.
- जिन्याच्या पायऱ्या किती, गाडी उचलणार कोण.
- आठवडाभर तुम्ही बाळाला घेऊन कुठे कुठे जाता, तिथल्या रस्त्यांचे फोटो.

हे फोटो फार कामाला येतात. मी काढले तेव्हा लक्षात आलं, की "शहरातला रस्ता" म्हणून मी जो गुळगुळीत समजत होते, त्यात चार गतिरोधक, एक उघडी गटार, गटारीवरची एक लोखंडी जाळी आणि डांबर उखडलेला वीस पावलांचा तुकडा होता. लहान चाकांचे हाल तिथेही होत होते, मला ते मळ्यात गेल्यावर कळलं इतकंच.

वहीत शेवटी एक ओळ लिहा: महिन्यातून किती दिवस खडबडीत रस्ता आणि किती दिवस शहर. पुढचा निर्णय त्या ओळीवर ठरतो.

२. बाळाचं वय पाहा

मान धरत नाही तोवर बाळाला बसती गाडी चालत नाही. साधारण सहा महिन्यांपर्यंत पाठ जवळजवळ सपाट होणारी गाडीच हवी. काही गाड्यांवर "जन्मापासून" असं छापलेलं असतं. तरी स्वतः पाठ मागे पाडून पाहा, बाळ खरंच आडवं राहतं की अर्धवट गोळा होऊन हनुवटी छातीला टेकते. हनुवटी छातीला टेकली तर लहान बाळाला श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. कार सीट गाडीवर बसवता येणारे संच मिळतात, त्यातही बाळाला तासन्‌तास झोपवून ठेवू नका.

खडबडीत रस्त्याचं आणखी एक आहे. फार लहान बाळाला सारखे हादरे बसणं बरं नाही. पहिले काही महिने मळ्यात जायचं असेल तर कडेवर किंवा अंगाला बांधायच्या झोळीतच न्यावं. मोठी चाकं असलेल्या गाडीतही धावत ढकलणं किमान आठ महिने होईपर्यंत टाळा, आणि त्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

३. चाकं: इथे सर्वाधिक वेळ द्या

बाजारातल्या गाड्या मुळात दोन घराण्यांच्या आहेत. ओवेन मॅक्लॅरेन हे ब्रिटनमधले विमानांचे अभियंते. त्यांनी १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी ॲल्युमिनियमची हलकी गाडी बनवली. लहान चाकं, एका हातानं घडी, विमानतळ आणि फरसबंदी रस्ते हे तिचं जग. दुसरं घराणं अमेरिकेतलं. फिल बेक्लर या गृहस्थांना बाळाला सोबत घेऊन धावायचं होतं, त्यांनी १९८४ मध्ये सायकलीसारख्या मोठ्या चाकांची तीनचाकी केली. आपल्याला हवी असलेली गाडी या दोघींच्या मधली आहे. तशी गाडी मिळते, फक्त शोधावी लागते.

माप. छत्रीगाडीचं चाक १३ ते १५ सेंटिमीटरचं असतं. काळ्या जमिनीची उन्हाळ्यातली भेग त्याला सहज गिळते. मोठ्या तीनचाकीची मागची चाकं ३० ते ४० सेंटिमीटरची. दोन्ही ठिकाणी फिरणाऱ्यांनी मागची चाकं २५ ते ३० आणि पुढची किमान १८ सेंटिमीटरची पाहावीत. दुकानदार इंचात सांगेल, तुम्ही मोजपट्टी लावा.

हवेचं, फोमचं की प्लास्टिकचं. कडक प्लास्टिक मळ्यासाठी बाद. दगडावर ते खडखडतं आणि प्रत्येक हादरा बाळापर्यंत पोचतो. फोमचं भरीव चाक पंक्चर होत नाही, वजनाला हलकं, शहरात उत्तम. हवेचं चाक दगडगोट्यांवर सर्वात मऊ चालतं, पण आपल्याकडे सराट्याचे आणि बाभळीचे काटे आहेत. बांधाच्या कडेनं एक चक्कर मारली तरी टायरमध्ये दोन-तीन काटे सापडतात.

माझं मत स्पष्ट सांगते. महिन्यातले पाच-सहा दिवसच गावाकडे जात असाल तर चारही चाकं मोठी, फोमची आणि स्प्रिंग असलेली घ्या. राहणंच मळ्यात असेल तर मागची दोन तरी हवेची हवीत. माझ्या गाडीची मागची हवेची आणि पुढची फोमची आहेत.

हवेचं चाक घेणार असाल तर टायरवर छापलेलं माप वाचा. बऱ्याच गाड्यांवर १२ १/२ × २ १/४ असं असतं. हेच माप लहान मुलांच्या १२ इंची सायकलींना असतं, त्यामुळे ट्यूब सायकलच्या दुकानात मिळू शकते. व्हॉल्व्ह बहुधा मोटरसायकलच्या टायरला असतो तसा असतो. आपल्या नेहमीच्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, त्याचा पंप इथे थेट बसत नाही. पंक्चरवाल्याकडे मशीननं हवा भरताना मात्र जपा. इतक्या लहान ट्यूबमध्ये क्षणात जास्त हवा जाते आणि ती फुटते. टायरच्या बाजूला किती दाब चालेल ते छापलेलं असतं, हातपंपानं त्याच्या आत राहा. ट्यूबमध्ये भरायचं पंक्चररोधक द्रव्य मिळतं, काट्याच्या भागात राहणाऱ्यांनी ते आधीच भरून घ्यावं.

फिरकी आणि लॉक. पुढची चाकं स्वतःभोवती फिरणारी असली की बाजारात गाडी एका हातानं वळते. खडबडीत रस्त्यावर तीच चाकं आडवी होऊन अडतात. म्हणून पुढची चाकं सरळ ठेवून लॉक करता आली पाहिजेत. हे लॉक नसेल तर बाकी काहीही असलं तरी ती गाडी घेऊ नका. माझ्या पहिल्या गाडीला ते नव्हतं.

चाक आणि दांड्यामधली फट. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काळी माती ओली झाली की चाकाला लिंपत जाते. चाक आणि त्याला धरणाऱ्या दांड्यात फट कमी असेल तर दहा पावलांत चिखलाचा गोळा होतो आणि चाक फिरायचंच थांबतं. दोन बोटं सहज जातील इतकी फट हवी.

४. तीन चाकं की चार

तीनचाकी दगडांवर छान वळते, पण उतारावर वळताना बाजूला कलण्याची भीती जास्त. पाट किंवा ठिबकची नळी ओलांडताना पुढचं एक चाक उचलणं सोपं जातं, हा तिचा गुण. चारचाकी बाजारात, दवाखान्यात, लग्नाच्या मंडपात स्थिर राहते. एकच गाडी घ्यायची तर मी चारचाकी सुचवेन.

५. घडी, वजन आणि डिक्की

छत्रीगाडी पाच ते सात किलोची असते. मोठ्या चाकांची दहा ते चौदा किलोची. नऊ-दहा किलोची आपल्या कामाची. पॅकिंगवरचं वजन कधी कधी छत, टोपली, गादी वगळून लिहिलेलं असतं, म्हणून वजनकाटा सोबत न्यायला सांगितलं.

दुकानात गाडी स्वतः मिटा आणि उघडा, विक्रेत्याला करू देऊ नका. एकदा दोन्ही हातांनी, एकदा डाव्या हातात पर्स धरून. मिटल्यावर ती आपोआप अडकून राहते का, की उचलताना उघडते? मागची चाकं बटण दाबून निघतात का? निघत असतील तर डिक्कीतली बरीच जागा वाचते. शक्य असेल तर दुकानदाराला विनंती करून गाडी बाहेर आणा आणि खरोखर डिक्कीत ठेवून पाहा. एका दुकानात मला "सगळ्यांच्या गाडीत बसते" असं सांगितलं होतं. आमच्या डिक्कीत ती चार बोटांनी अडली.

एसटीनं जाणाऱ्यांसाठी घडीची उंची महत्त्वाची. मिटल्यावर उभी राहणारी गाडी सीटपुढे पायांजवळ ठेवता येते, आडवी पडणारी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येते.

मिटताना-उघडताना बाळ किंवा घरातलं दुसरं मूल जवळ नको. सांध्यांत बोटं चेंगरण्याचे प्रकार याच क्षणी होतात.

६. आपलं ऊन

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे छत हे आपल्याकडे चाकांनंतरचं दुसरं महत्त्वाचं अंग. ते पुढे गुडघ्यापर्यंत ओढता यावं, आणि मागे जाळीची खिडकी असावी म्हणजे वारा खेळतो. काळं आणि गडद निळं कापड फोटोत सुंदर दिसतं, उन्हात तापतं. फिकट रंग घ्या, धुवायला निघणारं कापड घ्या.

सर्वात मोठा धोका चांगल्या हेतूनं होतो. ऊन लागू नये म्हणून आपण गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकतो. त्यानं हवा कोंडते आणि आत बाहेरपेक्षा जास्त उकडतं, कापड पातळ असलं तरी. मच्छरदाणी चालेल, कापड नको. बाळाच्या मानेला आणि पाठीला हात लावून पाहत राहा. घामानं ओली किंवा तापलेली लागली की थांबा, सावलीत घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचं नसतं, अंगावर जास्त वेळा पाजा.

उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत बाळ ठेवण्याआधी पट्ट्याचं बक्कल हातानं तपासा. धातूचं असेल तर चटका बसतो. आणि मार्च ते जूनमध्ये सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळेत कुठलीही गाडी उपयोगाची नाही.

७. दुकानातली चाचणी

रिकामी गाडी सगळीच छान चालते. घरून दहा किलो दादर ज्वारीची पिशवी न्या, ती सीटवर ठेवून पट्टा आवळा आणि मग ढकला. दुकानदार आधी पाहत राहतो, मग समजून घेतो.

- पट्टा पाच ठिकाणी बांधणारा हवा: दोन खांदे, दोन कंबर, एक पायांमधून. तीन ठिकाणी बांधणारा खडबडीत रस्त्यावर पुरत नाही. कंबरेचा पट्टा लावला आणि खांद्याचा सोडला, असं कधीच नको.
- ब्रेक एकदा पाय दाबून दोन्ही मागची चाकं धरतो का? उतारावर, वजनासकट उभी करून पाहा. चप्पल घालून ब्रेक वर उचलता येतो का तेही पाहा, काही ब्रेक फक्त बूट घालणाऱ्यांसाठी केल्यासारखे असतात.
- हँडलची उंची बदलते का? माझ्यात आणि नवऱ्यात फूटभराचं अंतर आहे, मला वाकावं लागलं नाही तरी त्याला लागतं.
- हँडल एका बाजूनं दाबलं तर सांगाडा पिळवटतो का?
- फूटपाथची कड किंवा दुकानाची एक पायरी वजनासह चढवून-उतरवून पाहा.

गाडीवर ईएन १८८८ हे युरोपातलं किंवा एएसटीएम एफ८३३ हे अमेरिकेतलं सुरक्षा मानक लिहिलं असेल तर चांगलं. नुसतं "आंतरराष्ट्रीय दर्जाची" या शब्दांना अर्थ नाही.

८. खरेदी आणि कागदपत्रं

जपून ठेवायची कागदं: जीएसटीसह पक्कं बिल, दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तिका, आणि सांगाड्यावरच्या मॉडेल व बॅच क्रमांकाच्या चिठ्ठीचा फोटो. ही चिठ्ठी धुण्यात पुसली जाते, फोटो पहिल्याच दिवशी काढा.

घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. चाक, ब्रेक आणि बक्कल सुटं मिळतं का? दुरुस्ती कुठे होते, जळगाव-धुळ्यात की पार्सल करून पाठवावी लागते? वॉरंटीत चाकं धरलेली आहेत का? बहुतेक ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" येतं. म्हणून सुट्या चाकाचा प्रश्न पहिला.

ऑनलाइन मागवली तर खोका फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपण्याआधी गावरस्त्यावर एक फेरी मारा. मुदतीत फक्त फरशीवर चालवली आणि नंतर दोष कळला, तर हातात काही राहत नाही. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुनी गाडी घ्यायला हरकत नाही, चांगल्या चाकांची जुनी ही वाईट चाकांच्या नव्यापेक्षा बरी. सांध्यांवर भेगा, घडीचं लॉक, पट्ट्याची शिवण आणि चाक हलवल्यावर होणारी लटपट, एवढं उजेडात तपासा. पट्टा उसवलेला असेल तर सोडून द्या.

९. चालवायची कशी

गतिरोधक आणि पाट सरळ काटकोनात घ्या, तिरके नाही. हँडल किंचित खाली दाबून पुढची चाकं उचलायची, टेकवायची, मग मागची. पायरी उतरताना गाडी उलटी करून मागची चाकं आधी. गटारीच्या जाळीचे गज चाकांना समांतर असतील तर गाडी तिरकी करा, नाहीतर चाक गजांमध्ये फसतं.

वाळूत ढकलू नका. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते तिथे मी हे शिकले: गाडी वळवा आणि पाठीमागं चालत ओढा. पुढची लहान चाकं वाळूत रुतायची थांबतात.

जळगावच्या फुले मार्केटमध्ये भाजीची पिशवी हँडलला लावायचा मोह होतो. बाळ बसलं आहे तोवर तोल राहतो, त्याला उचललं की गाडी पिशवीसकट मागे पडते. बाळ आत असताना पडली तर काय होईल ते सांगायला नको. जड वस्तू खालच्या टोपलीत ठेवा.

रेल्वे फलाटावर गाडी रुळांना समांतर उभी करा, ब्रेक लावा आणि तरीही हात सोडू नका. न थांबणारी गाडी वेगानं गेली की वाऱ्याच्या ओढीनं बाबागाडी हलू शकते. सरकत्या जिन्यावर बाळासह गाडी कधीच नाही.

हिवाळ्यात मळ्यात भरिताची पार्टी असेल आणि वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजत असतील, तर बाळाची गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा. धूर जमिनीलगत फिरतो आणि बाळाचं नाक आपल्यापेक्षा खाली असतं.

आणि जिथे गाडी न्यायचीच नाही अशा जागाही आहेत. पावसानंतरची काळी जमीन: तिथे कसलंही चाक चालत नाही, दोन दिवस वाळू द्या. जळगावचा कार्तिकी एकादशीचा रथोत्सव, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा: इतक्या गर्दीत बाबागाडीतलं बाळ लोकांच्या गुडघ्याच्या उंचीवर असतं आणि मागच्यांना ते दिसतही नाही. मनुदेवीसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या ठिकाणी दगडगोट्यांचा रस्ता लागला की बाळ कडेवर. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी मात्र गाडीचा चांगला उपयोग होतो.

१०. टोपलीत आणि घरी

टोपलीत कायम: हातपंप, एक सुटी ट्यूब, काटे काढायला चिमटा, माती खरवडायला बोथट काडी किंवा जुनं उलथणं, एक टॉवेल, मच्छरदाणी.

मळ्यातून आल्यावर चाकाला लागलेली माती ओली असतानाच काढू नका, ती पसरते. वाळू द्या, ठोकून पाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा. पाण्याचा जोराचा फवारा मारला तर माती आसाच्या आत जाते. आसाला ग्रीस लावू नका, आपल्या धुळीत त्याचा लगदा होतो. सिलिकॉनचा फवारा थोडासा पुरतो. महिन्यातून एकदा प्रत्येक चाक ओढून पाहा, नीट अडकलेलं आहे ना.

आता मुलगी पायी पळते, गाडीत बसायला तयार नसते. भावजयीला भाद्रपदात बाळ होणार आहे, गाडी तिच्याकडे चालली. काल मागच्या दोन्ही ट्यूब नव्या घातल्या, पट्टे धुवून वाळवले, आणि टायरचं माप व व्हॉल्व्हचा प्रकार एका कागदावर लिहून टोपलीच्या तळाला प्लास्टिकखाली चिकटवला.